व्हॅनमधली अकरा मुलं

आष्टीच्या बाजारगल्लीत, खताच्या दुकानाला लागून डॉ. दीपमाला साळवे यांचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. बाहेर चार बाकडी, आत एक टेबल, पडद्यामागे तपासायचा पलंग. कंपाउंडर रामकिसन दारात बसून नंबराची चिठ्ठी देतो. आसपासच्या दहा-बारा खेड्यांतली माणसं येतात. पाटीवरची डिग्री कुणी वाचत नाही. "बाई हायत का?" एवढंच विचारतात आणि बाकड्यावर बसून घेतात.

बाई मूळच्या केदारखेड्याच्या. वडील सर्जेराव जिल्हा परिषदेचे मास्तर. घरात डॉक्टर झालेली ही पहिलीच. लग्न होऊन आष्टीला आल्या, कारण नवरा संघपाल जवळच्याच एका शाळेवर शिक्षक होता. दोन-तीन वर्षं राहू, मग जालन्याला जाऊ, असं तेव्हा ठरलं होतं. त्याला सतरा वर्षं झाली.

पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली होती. बाजारात भेंडी निवडताना त्यांची एक पेशंट समोर आली. पोरसवदा सून. बाईंनी सहज विचारलं, "गोळ्या संपल्या असतील ना? नवीन पाकीट घेऊन जा." गोळ्या दिवस न राहण्याच्या होत्या आणि दोन पावलांवर सासू वांगी बघत उभी होती. त्या घरात पुढं काय काय झालं ते बाईंच्या कानावर तुकड्यातुकड्यानं आलं. सुनेला माहेरी धाडलं, एवढं नक्की. ती परत दवाखान्यात कधी आली नाही.

तेव्हापासून बाई बाजारात फक्त हसतात. "कसं आहे?" एवढंही विचारत नाहीत, कारण त्यांनी विचारलं म्हणजे काहीतरी आहे असं लोक धरतात. घरीही पेशंटचं नाव काढत नाहीत. संघपाल म्हणतो, "गावातली बातमी आमच्या घरात सगळ्यात शेवटी पोचते." गावाला मात्र बाईंचं हे माहीत होतं. जे नवऱ्याला सांगता येत नाही ते बायका इथं येऊन सांगायच्या. बाईंना वाटायचं, एवढं एक तरी आपण नीट सांभाळलं.

मागच्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, मनीषा देवकते आणि तिची सासू गोपिकाबाई गोरक्षनाथला दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात घेऊन आल्या.

गोरक्षनाथ म्हणजे पिवळ्या व्हॅनवाला. त्याचा बाप सांडू जन्मभर मेंढरांमागं हिंडला. बाप गेल्यावर गोरक्षनाथनं मेंढरं विकली आणि व्हॅन घेतली. आष्टीतली बारा मुलं तो परतूरच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत नेत-आणत होता. सात वर्षांत एकदाही उशीर नाही. मुलांचे बूट सुटले तर खाली बसून बांधून देणारा माणूस. बाईंची चौथीतली मुलगी संबोधी त्याच व्हॅननं जायची. पुढच्या खिडकीच्या जागेवरून तिची आणि बेबीनंदाच्या आदिनाथची रोज भांडणं व्हायची आणि गोरक्षनाथ ती वार लावून मिटवायचा.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काय बी न्हाई मॅडम," गोरक्षनाथच म्हणाला. "मंगळवारचा उपास. पोटात काय न्हाई. चक्कर आल्ती."

"चक्कर न्हाई," मनीषा म्हणाली. "बसल्या जागी आडवे झाले. डोळे वर गेल्ते. हातपाय झटकून राह्यले व्हते."

"किती वेळ?"

"पाच मिन्टं तरी."

"कशाचे पाच," गोपिकाबाई म्हणाल्या. "मी चुलीवरचा चहा उतरवला तवर उठून बसला बी."

बाईंनी तोंड उघडायला लावलं. जिभेच्या कडेला ताजी जखम होती. गोरक्षनाथ म्हणाला, दाढ दुखते, परवाच चावलं गेलं. पॅन्ट ओली दिसत होती. लघवी झाली होती का? मनीषा खाली बघत राहिली. गोपिकाबाई म्हणाल्या, तोंडावर मारायला तांब्या आणला तो मीच सांडला. शुद्धीवर आल्यावर तो नीट बोलत होता का? यावर मनीषा हळूच म्हणाली, "आई समोर बसल्या असून 'आई कुठंय' म्हणून दोनदा इचारलं."

साखर थोडी कमी, पण घाबरण्याइतकी नाही. रक्तदाब बरोबर. हृदयाची पट्टी काढली, तीही साफ. बाई पट्टी हातात धरून बसल्या. फिट असावी. उपासाची चक्करही असू शकते; चक्कर येऊन पडलेल्या माणसाचेही हात दोन-चार झटके देतात. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या आणि ज्याला झालं त्याला काहीच आठवत नव्हतं.

"जालन्याला मेंदूच्या डॉक्टरांकडं जायचं. चिठ्ठी देते. आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही. एक दिवससुद्धा नाही."

"बराबर," तो लगेच म्हणाला. मग जरा थांबून, "मॅडम, हे कोणाला कळणार न्हाई ना? फिटवाला म्हणून नाव पडलं तर कोण पोरं देईल माझ्याकडं?"

"नाही कळणार. इथलं इथंच राहतं."

सतरा वर्षांत हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की विचार करायच्या आधी ते तोंडातून गेलं. तिघं बाहेर गेल्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बुधवारी सकाळी सव्वासातला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. संबोधी दप्तर घेऊन पळाली. मागोमाग डबा विसरला म्हणून बाई बाहेर आल्या, तर स्टेअरिंगवर गोरक्षनाथ.

"जय भीम मॅडम," तो म्हणाला आणि आरशाकडं बघू लागला.

संबोधीचा एक पाय पायरीवर होता. बाईंनी तिचा दंड धरला.

"खाली उतर. आज पप्पांच्या गाडीवर जा."

"का? आज माझा खिडकीचा वार आहे!"

"सांगितलं ना, उतर."

व्हॅन निघाली. मागच्या काचेतून मुलांची डोकी दिसत होती. बाईंनी ती मोजली. अकरा. मोजून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि डबा हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. ओरडून गाडी थांबवायला हवी होती. ओरडून काय सांगायचं होतं?

संघपालनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. तुम्हीच सोडा तिला काही दिवस."

तो मोटारसायकलची चावी घ्यायला आत गेला. बायको सांगत नाही म्हणजे विचारायचं नाही, हे त्याला सवयीचं होतं.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी आधी गोरक्षनाथला फोन लावला.

"काल 'बराबर' म्हणालात आणि आज गाडीवर?"

"मॅडम, बदली माणूस भेटला न्हाई. मनीषाचा भाऊ हरिओम उद्यापासून येऊन राह्यला. परीक्षा तोंडावर आल्यात पोरांच्या. मी बिलकुल हळू चालवली. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला न्हाई."

"हळू चालवण्याचा प्रश्न नाही, गोरखभाऊ."

"उद्यापासून न्हाई. आईची शपथ."

बाईंनी विश्वास ठेवला. ठेवायचा होता, म्हणून ठेवला. दुपारी पेशंट कमी झाले तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या आचारनियमांचं पुस्तक काढलं. पेशंटचं गुपित फोडू नये, हे त्यात होतं. एखाद्या माणसाला किंवा समाजाला गंभीर आणि निश्चित धोका असेल तर सांगता येतं, हेही होतं. त्यांनी ते वाक्य चार वेळा वाचलं. गंभीर तर होताच. शाळेच्या वाटेवरचा कालव्याचा पूल, उसाचे ट्रॅक्टर, आणि वळणाचा उतार. पण निश्चित? फिट होती हेच ठरलेलं नव्हतं. एका चक्करवरून शाळेला फोन केला, आणि पुढं निघालं की नुसता उपास, तर त्या माणसाचं सात वर्षांचं नाव आपण एका फोनमध्ये पुसलं. आणि नाही केला, आणि उद्या पुलावर… इथपर्यंत आलं की त्यांचा विचार थांबायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. संबोधीचा दंड धरताना त्यांना पुस्तक आठवलं नव्हतं. फिट का चक्कर, हा प्रश्नही पडला नव्हता.

गुरुवारी सकाळी त्या मुद्दाम गॅलरीत उभ्या राहिल्या. व्हॅन आली. स्टेअरिंगवर पुन्हा गोरक्षनाथ. गल्लीच्या तोंडाशी न थांबता तो पुढं गेला. बाईंनी फोन लावला, तो त्यानं उचलला नाही. दुपारी मनीषाचा फोन आला, हरिओमला कापूस घेऊन जालन्याच्या मोंढ्यात जावं लागलं, उद्या नक्की येतो.

संध्याकाळी बेबीनंदा आदिनाथला घेऊन आली. बेबीनंदा अंगणवाडीत काम करायची, बाईंच्याच वस्तीतली. पोराचा कान दुखत होता.

बाई कानात बत्ती धरून बघत होत्या. बेबीनंदा म्हणाली, "ताई, दोन दिवस झाले, संबोधी व्हॅनला न्हाई म्हणतोय हा."

"हं. तिचे वडील सोडतात."

"दुसऱ्या गाडीला लावली का?"

"नाही."

"मंग?"

"असंच."

"ताई, सरळ इचारते. गाडीत काही आहे का? मी माझ्या पोराला ठेवू का काढू?"

बाईंनी कानातून बत्ती काढली. पुसली. समोर विचारणारी आई होती आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. 'काढ' म्हटलं तर गोरक्षनाथला दिलेला शब्द गेला. 'ठेव' तर म्हणणंच शक्य नव्हतं.

"तुझं तू बघ, बेबीनंदा," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू."

आपण न फोडता निभावलं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. बेबीनंदानं औषधाची चिठ्ठी घेतली, आदिनाथचा हात धरला आणि दारातून एकदा मागं वळून त्यांच्याकडं बघितलं.

शुक्रवारीही हरिओम आला नाही, आणि गोरक्षनाथच्या व्हॅनमध्ये सहाच मुलं होती. दुपारपर्यंत कारणही गावभर झालं होतं. रामकिसननं चहा ठेवता ठेवता सांगितलं, "बाई, ऐकलं का? गोरख दारू पिऊन गाडी चालवतो म्हणे. डॉक्टरबाईला तोंडाचा वास आला, म्हणून त्यांनी पोरगी काढून घेतली."

"कोण म्हणालं हे?"

"समदेच म्हणून राह्यले."

गोरक्षनाथनं जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. त्याच्या पोटाच्या, रक्ताच्या तपासण्या त्यांनीच केल्या होत्या. आता 'दारू नाही' असं सांगावं तर लोक पुढचा प्रश्न विचारणार, मग काय? गप्प बसावं तर ते खोटं त्यांच्याच नावावर फिरणार. कुठल्या बाजूनं धरलं तरी दुसरं टोक हातातून सुटत होतं. त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या आणि तरी सगळं त्यांनीच सांगितलं होतं, तेही चुकीचं.

शनिवारी सकाळी गोपिकाबाई आल्या. चिठ्ठी न घेता सरळ आत. बाहेर बाकड्यांवर माणसं होती, पडदा उघडा होता.

"बाई, माझ्या पोराला दारुड्या म्हणून राह्यले लोक. तू तर त्याची नाडी पाह्यली. तू बाहीर ये आन सांग समद्यांला, त्यो पीत न्हाई."

बाईंनी उठून पडदा ओढला. "बसा मावशी. आणि मग तो का पडला, ते विचारतील. ते सांगू?"

"त्ये नगं सांगू."

"मग काय सांगू?"

"पीत न्हाई, एवढंच सांग."

"मग माझी मुलगी का काढली, ते विचारतील."

गोपिकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "का काढलीस गं?"

बाहेर रामकिसन कुणाला तरी सांगत होता, थांबा, आत पेशंट आहे.

त्या रात्री त्यांनी संघपालला एवढंच विचारलं, "एखाद्यानं वचन द्यायलाच नको होतं असं वचन दिलं असेल तर?"

तो वह्या तपासत होता. "दिलं कुणाला? त्याच्याकडंच जायचं आधी," तो म्हणाला, आणि पुढची वही घेतली.

रविवारी नऊच्या सुमाराला बाई एकट्याच देवकत्यांच्या घरी गेल्या. पत्र्याचं तीन खोल्यांचं घर, पुढं शेड, शेडमध्ये व्हॅन. गोरक्षनाथ तिच्या काचा पुसत होता. त्यानं खुर्ची आणून ठेवली, पण 'या' म्हणाला नाही. मनीषा आणि गोपिकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही कोणाला सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कुणालाच नाही."

"मंग गावाला कसं कळलं?"

"गावाला काही कळलेलं नाही. गाव अंदाज बांधतंय. पण तो बांधायला मी लावलं." बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. "मी तुम्हाला म्हणाले, कुणाला कळणार नाही. ते म्हणण्याआधी मी विचार करायला हवा होता. आणि दुसऱ्या दिवशी माझी मुलगी उतरवून घेतली, बाकीच्यांना जाऊ दिलं. हे सगळ्यात वाईट केलं. तुमच्याशीही आणि त्या मुलांशीही."

गोरक्षनाथचा चेहरा लाल झाला. "तुमच्या पोरीचा जीव म्हंजे जीव. माझी इज्जत काय रस्त्यावर पडलीय?"

"नाही. म्हणून आले. उद्या सकाळी तुम्ही गाडी चालवणार असाल तर आज मी शाळेला कळवणार. आजार काय, ते नाही सांगणार. तपासणी होईपर्यंत या माणसानं मुलांची गाडी चालवू नये, एवढंच. तुम्हाला न विचारता केलं असतं तर मागून केल्यासारखं झालं असतं, म्हणून तोंडावर सांगतेय. तुम्ही स्वतः सांगितलं तर जास्त बरं होईल."

"आन त्यो उपासच निघाला तर? एकदाच झालंय मॅडम! एकदा कोणाला बी चक्कर येती!"

"येते," बाई म्हणाल्या. "मलाही खात्री नाही. खरंच नाही."

मग दारातून मनीषा म्हणाली, "एकदा न्हाई."

सगळे तिच्याकडं वळले.

"दिवाळीच्या आधी. झोपेत. दातखीळ बसल्ती, उशीला रगत लागलं व्हतं. सकाळी तुमी म्हणले अंग का दुखून राह्यलं."

"सपान पडलं आसन त्याला," गोपिकाबाई घाईनं म्हणाल्या.

"आत्याबाई, तुमी बी उठल्या व्हत्या."

गोरक्षनाथच्या हातातलं फडकं खाली पडलं. "मला सांगितलं न्हाई तू?"

"सांगितलं आसतं तर तुमी गाडी सोडली आसती," मनीषा म्हणाली आणि रडायला लागली.

तो व्हॅनच्या पायरीवर बसला. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तीन महिने. रोज दोन फेऱ्या." मग बाईंकडं बघून, "सोडली आसती. म्या सोडली आसती, मॅडम." ते खरं होतं की त्याला तसं वाटायला हवं होतं, हे बाईंना तेव्हाही कळलं नाही.

सोमवारी सकाळी हरिओम गाडीवर बसला, पण त्याआधी गोरक्षनाथनं सगळ्या आईबापांना ग्रामपंचायतीसमोर बोलावलं होतं. पंधरा-वीस माणसं जमली. तो हात मागं बांधून उभा राहिला.

"मी पीत न्हाई," तो म्हणाला. "मला झटका आल्ता. फिट का काय, त्ये जालन्याला गेल्यावर कळल. तवर मी मुलांची गाडी चालवणार न्हाई. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मी चालवली. चूक झाली."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरबाईंना माहीत व्हतं का?"

दीपमाला गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. आई म्हणून बोलावणं होतं, डॉक्टर म्हणून नाही. गोरक्षनाथनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. सांगा.

"मंगळवारपासून," त्या म्हणाल्या.

"आन तुमची मुलगी?"

"तिला मी बुधवारी काढलं."

ही दोन वाक्यं त्यांनी रात्री पाठ केल्यासारखी केली होती. बेबीनंदा पुढं आली. ती ओरडली नाही.

"ताई, गुरुवारी तुम्ही माझ्या पोराच्या कानात बघून राह्यल्या व्हत्या. कानाचं औषध दिलं. त्याच्या जिवाचं माहीत असून कानाचं औषध दिलं."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना अजून काही सांगायचं होतं, वचनाबद्दल, खात्री नसण्याबद्दल; पण बेबीनंदासमोर त्यातलं एकही वाक्य उभं राहीना.

जालन्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, तो साफ आला. स्कॅनमध्ये एक बारीक ठिपका दिसला. ते म्हणाले, हा जुना असेल, यानंच झालं असेल किंवा नसेलही. पण दोन वेळा झालंय तर गोळ्या चालू करू, आणि मुलांची गाडी नको. कागद घेऊन गोरक्षनाथ थेट बाईंकडं आला आणि टेबलावर ठेवला. "म्हंजे हाय का न्हाई?" त्यानं विचारलं. बाईंनी कागद दोनदा वाचला. "आहे असं धरून चालायचं," त्या म्हणाल्या.

व्हॅन हरिओमच चालवतो. शाळेनं गाडीत मुलांना सांभाळायला एक माणूस असावा म्हटलं, तेव्हा ते काम गोरक्षनाथला मिळालं. दाराशी बसतो, मुलं चढवतो, उतरवतो. पहिले काही दिवस गावातली टवाळ पोरं त्याला कंडक्टर म्हणायची. गोळी तो चुकवत नाही. अजून तरी पुन्हा झटका आलेला नाही. गोळीमुळं, की तसंही आला नसता, हे कुणाला सांगता येत नाही.

दवाखान्यात मध्यंतरी गर्दी कमी झाली. काहींना बाईंनी चार दिवस का लपवलं याचा राग होता. काहींना भलतीच भीती होती: आज गोरखचं बाहेर आलं, उद्या आमचं येईल. दोन्ही बाजूंनी बाकडी रिकामी झाली. बेबीनंदा आदिनाथला घेऊन दुसरीकडं जाऊ लागली. बाई एकदा तिच्या घरी जाऊन आल्या. तिनं चहा केला, नीट बोलली, आणि तरीही दवाखान्यात आली नाही.

बाईंनी एक बदल केला. कुणी "कोणाला सांगणार नाही ना?" म्हटलं की त्या आता लगेच 'नाही' म्हणत नाहीत. म्हणतात, "आधी सांगा काय आहे. दुसऱ्याच्या जिवावर बेतणारं असेल तर तुम्हाला सांगूनच सांगेन." हे ऐकून काही जण बोलतात, काही जण उठून जातात. उठून गेलेल्यांचं काय होत असेल, हा विचार त्यांना जेवताना येतो. आपण सुधारलो की लोकांचं एक दार बंद केलं, याचा हिशेब त्यांना अजून लागत नाही.

मध्यंतरी गोरक्षनाथ गोळ्यांची नवीन चिठ्ठी लिहून घ्यायला आला होता. चिठ्ठी खिशात घालूनही तो उठेना.

"मॅडम, एक इचारू? तुमची पोरगी माझ्या गाडीत नसतीच, तर तुम्ही काय केलं असतं?"

बाई पेन हातात धरून बसल्या. हा प्रश्न त्यांनी स्वतःला किती वेळा विचारला होता. कधी उत्तर यायचं: पहिल्याच दिवशी शाळेला कळवलं असतं, कारण मग डोकं शांत असतं. कधी यायचं: पुलावर काही होईपर्यंत कळवलंच नसतं.

"माहीत नाही, गोरखभाऊ," त्या म्हणाल्या.

"मनीषानं दिवाळीतच सांगितलं आसतं, तर मी काय केलं आसतं, त्ये बी मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "त्या दिवशी शेडात मी 'सोडली आसती' म्हणालो. तोंडातून गेलं."

बाहेर रामकिसननं पुढचा नंबर पुकारला. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले आणि गोरक्षनाथनं उठून त्यांना आपली खुर्ची दिली.